विंचवाचे बिऱ्हाड आणि मुक्कामाची जागा

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याचे घरदार एका जागी नाही, जो आज या गावी तर उद्या त्या गावी, अशा माणसाविषयी ती वापरतात. आणि वापरणाऱ्याच्या स्वरात थोडी कीव व थोडी थट्टा मिसळलेली असते. परंतु पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणे हीच ज्यांची वर्षातील सर्वांत आवडती सुट्टी, अशी लाखो सुस्थित कुटुंबे युरोपात आहेत. उन्हाळा आला की मोटारीमागे चाकांची एक खोली जोडून, किंवा मोटारीलाच खोलीचे रूप देऊन, ती घराबाहेर पडतात. कोणी राइन नदीच्या काठाने जातात, कोणी आल्प्सच्या खिंडी ओलांडतात, कोणी भूमध्य समुद्राचा किनारा गाठतात.

गोव्यातील वडीलधाऱ्या मंडळींना हे दृश्य अपरिचित नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे दहाएक वर्षे युरोपातील तरुण मुलेमुली जुन्या बसगाड्यांतून आणि फोक्सवागनच्या डब्यासारख्या मोटारींतून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान असा खुष्कीचा मार्ग तुडवीत हणजूण-कलंगुटच्या किनाऱ्यापर्यंत येत असत. १९७९ साली इराणात राज्यक्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि तो मार्ग बंद पडला. माडांच्या सावलीत उभ्या असलेल्या त्या गाड्या, त्यांच्या खिडक्यांचे पडदे आणि आतली शेगडी पाहून येथील माणसाला सहज प्रश्न पडत असे : ही माणसे आपल्या देशातही अशीच राहतात काय? त्याचे उत्तर असे की, वर्षातून काही आठवडे त्यांच्यापैकी बरेच जण खरोखरच असे राहतात, आणि त्यासाठी तेथे एक मोठी व सुघटित व्यवस्था उभी राहिली आहे.

श्रोते हो, या फिरत्या घराचे मुख्य प्रकार दोन. मोटारीमागे जोडून ओढून न्यावयाची खोली ती कॅराव्हॅन. आणि जिचे इंजिन व घर एकाच सांगाड्यावर असते ती मोटरहोम. कॅराव्हॅन हा शब्द मूळ फारसी ‘कारवान’ या शब्दाचे रूप आहे. वाळवंटातून एकत्र जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा असा त्याचा अर्थ. तांडा कितीही मोठा असला तरी त्याला संध्याकाळी पाण्याजवळ उतरावे लागते. फिरत्या घराचेही तसेच आहे. घर बरोबर येते, पण अंगण बरोबर येत नाही. ते रोजच्या रोज दुसऱ्या कोणाकडून मागून घ्यावे लागते. म्हणून या प्रवासाची खरी कहाणी रस्त्याची नसून मुक्कामाच्या जागेची आहे.

हौसेखातर कॅराव्हॅन बांधवून घेणारा पहिला प्रसिद्ध गृहस्थ म्हणजे गॉर्डन स्टेबल्स. हा स्कॉटलंडचा, नौदलात शस्त्रवैद्य होता आणि निवृत्तीनंतर मुलांसाठी साहसकथा लिहीत असे. ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्यातून त्याने एक भक्कम चाकांचे घर करवून घेतले आणि त्याला ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या, असे नाव दिले. १८८५ साली दोन घोडे जोडून तो इंग्लंडच्या दक्षिण भागातील ट्वायफर्डहून निघाला आणि सुमारे १३०० मैलांची मजल मारून स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसला पोहोचला. त्याचा एक सेवक तीनचाकी सायकलीवर बसून गाडीच्या पुढे जात असे आणि वाट मोकळी आहे की नाही ते पाहत असे. रात्री कधी एखाद्या खाणावळीच्या आवारात, तर कधी एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात गाडी उभी राही. त्या काळी आखून दिलेला तळ नव्हता. जागेच्या धन्याचा होकार हीच काय ती सोय.

१९०७ साली ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लबची स्थापना झाली आणि हौशी लोकांनी एकमेकांना चांगल्या जागा कळवण्यास सुरुवात केली. जर्मनीतील कथा अधिक घरगुती आहे. इस्नी या गावी आरिस्ट डेथलेफ्स यांच्या घराण्याचा चाबूक आणि बर्फावरून घसरण्याच्या खेळातील काठ्या बनवण्याचा कारखाना होता. मालाच्या विक्रीसाठी त्यांना आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहावे लागे. त्यांची वाग्दत्त वधू फ्रिडेल एडेलमान ही चित्रकार होती. दोघांना बरोबर जाता यावे आणि वाटेत तिला चित्रेही काढता यावीत, अशी चाकांवरची खोली असावी ही तिची इच्छा. त्या इच्छेतून १९३१ साली डेथलेफ्स यांनी स्वतः एक गाडी बांधली. जर्मनीतील कॅराव्हॅनचा प्रारंभ सामान्यतः तेथून धरतात.

फ्रान्समध्ये मात्र या छंदाला वेगळे वळण मिळाले. १९३६ च्या जून महिन्यात लेओन ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता असे गिरणीतील मजूर त्या उन्हाळ्यात सायकलीवर राहुटी बांधून किनाऱ्याकडे निघाले. हॉटेल त्यांना परवडणारे नव्हते. गवताचा एक तुकडा परवडत होता. पुढे महायुद्ध संपले, मोटारी स्वस्त झाल्या आणि राहुटीच्या जागी कॅराव्हॅन आली. आज युरोपात सर्वांत अधिक तळ फ्रान्समध्येच आहेत. श्रीमंताच्या हौसेतून जन्मलेली वस्तू सामान्य माणसाच्या हाती आली ती या तळांमुळे, हे विसरता येत नाही.

असा तळ प्रत्यक्षात कसा असतो? दारात अडसर आणि शेजारी कचेरी. तेथे पारपत्र दाखवून नाव नोंदवावे लागते. मग आखून दिलेली एक जागा मिळते. साधारण ८० ते १०० चौरस मीटरांची, बहुधा हिरव्या कुंपणाने वेगळी केलेली. चाकांखाली पाचरी सारून गाडी समपातळीत आणायची, तारेने वीज जोडून घ्यायची, टाकीत पिण्याचे पाणी भरायचे. सांडपाणी ओतण्याची जागा निराळी आणि शौचकूपाची पेटी रिकामी करण्याची जागा त्याहून निराळी. या दोहोंचा घोटाळा करणारा प्रवासी कोणत्याही देशात अप्रिय होतो. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. जर्मनीत तर बऱ्याच ठिकाणी दुपारी एक ते तीनपर्यंतही अडसर खाली असतो आणि आलेली गाडी बाहेर ताटकळत राहते.

याशिवाय केवळ रात्रीपुरते थांबू इच्छिणाऱ्या मोटरहोमांसाठी जर्मनीत ‘श्टेलप्लाट्झ’ आणि फ्रान्समध्ये ‘एर’ नावाचे साधे थांबे असतात. फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचे व शेतांचे अनेक मालक एका संघटनेमार्फत सभासद प्रवाशांना एक रात्र विनामूल्य आपल्या आवारात उभे राहू देतात. स्टेबल्सला मिळालेले ते शेतकऱ्याचे कुरण अद्याप नाहीसे झालेले नाही.

जागांची माहिती देणाऱ्या पुस्तकांचेही एक शास्त्रच झाले आहे. नेदरलँड्समधील एक शाळामास्तर १९६० च्या दशकात कुटुंबासह स्पेनला गेले असता तळ भरलेला आढळला आणि त्यांची निराशा झाली. त्या अनुभवातून १९६५ साली त्यांनी ‘आक्सी’ ही संस्था काढली. आज तिचे निरीक्षक युरोपभर हिंडून तळांची पाहणी करतात, आणि तिच्या पुस्तकावाचून निघणारी डच गाडी विरळाच.

आता या मंडळींच्या आवडत्या मुक्कामांपैकी काहींकडे वळू. उत्तरेकडून येणाऱ्यांचा पहिला मुक्काम पुष्कळदा राइनकाठी असतो. कोब्लेंट्स शहराच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरांवर सांक्ट गोआर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील तळ नदीच्या अगदी कडेला असून समोरच्या तीरावर लोरेलाय हा १३२ मीटर उंचीचा कडा उभा आहे. गाडीच्या पायरीवर बसून कॉफी पिता पिता मालाने भरलेल्या नौका त्या धोक्याच्या वळणावरून कशा सांभाळून जातात ते पाहावे, याहून वेगळी करमणूक तेथे कोणी शोधत नाही. दोन्ही काठांनी आगगाड्या धावतात आणि कच्च्या झोपेच्या माणसाला त्यांचा जाच होतो. परंतु तेवढे सोसून लोक दरवर्षी परत येतात. ज्या संताच्या नावाने हे गाव ओळखले जाते तो गोआर सहाव्या शतकात आक्विटेनहून येऊन या तीरावर राहिला. वाटसरूंना जेवू घालणे आणि नदीत सापडलेल्या नावाड्यांना आसरा देणे हे त्याचे व्रत. खाणावळवाले त्याला आपला आश्रयदाता संत मानतात. तळ चालवणाऱ्यांनीही मानावे असाच तो आहे.

राइनच्या वरच्या अंगाने दक्षिणेस गेले की स्वित्झर्लंड लागते. तेथे इंटरलाकेनच्या पुढे लाउटरब्रुनेन नावाची दरी आहे. पुरातन हिमनदीने कोरून काढलेली ही दरी तळाशी सपाट असून दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे आहेत. या दरीत ७२ धबधबे असल्याचे सांगतात. त्यांतील श्टाउबबाख २९७ मीटरांवरून खाली येतो. येताना वाऱ्याने त्याचा असा काही धुरळा होतो की तळाशी पोहोचते ते पाणी नव्हे, तुषारच. १७७९ साली जर्मन कवी गटे येथे आला आणि हे दृश्य पाहून त्याने एक विख्यात कविता लिहिली. त्या धबधब्याच्या पायथ्याशीच तळ आहे. सकाळी गाडीचे दार उघडावे तो तुषारांची धार समोर. वर वसलेल्या वेंगन व म्यूरेन या गावांत मोटारीने जाता येत नाही. फिरते घर खाली ठेवून आगगाडीने किंवा पाळण्याने वर जावे लागते. १९१२ पासून ३४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखपर्यंत आगगाडी जाते, तिचाही आरंभ याच परिसरातून होतो. युरोपात नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबेही अशा गाड्या भाड्याने घेतात. स्वतःच्या शेगडीवर आमटीभात शिजवून तो या धबधब्यासमोर खाता येतो, हे शाकाहारी माणसाला मोठेच समाधान असते.

लाउटरब्रुनेनहून इटलीस जाताना गोट्टहार्ड पर्वताखालील सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जावे लागते; तो १९८० साली खुला झाला. पलीकडे हवा बदलते, भाषा बदलते, आणि दिवसभराच्या प्रवासानंतर व्हेनिस येते. व्हेनिसमध्ये फिरत्या घराला प्रवेश नाही. शहराच्या तोंडाशीच रस्ता संपतो. म्हणून जाणकार मंडळी व्हेनिसच्या पूर्वेस, समुद्र व खारकच्छ यांमधील कावालिनो या अरुंद पट्टीवर उतरतात. तेथील किनाऱ्यालगत पाइन वृक्षांच्या सावलीत तळामागून तळ लागले आहेत. त्यांतील ‘युनियन लिदो’ १९५५ पासून चालू आहे. पट्टीच्या टोकाला पुंता साब्बिओनी हा धक्का आहे. तेथून प्रवासी बोट अर्ध्या-पाऊण तासात संत मार्काच्या चौकाजवळ नेऊन सोडते. मोटारीने गेलेल्याला व्हेनिस मागील दारातून दिसते. बोटीने जाणाऱ्याला ते जुन्या दर्यावर्दी लोकांना दिसे तसे, पाण्यातून वर येताना दिसते. कावालिनोचा मुक्काम आवडता होण्याचे अर्धे कारण ही बोटच आहे.

व्हेनिस किंवा आंकोना येथून ग्रीसकडे मोठ्या बोटी सुटतात. उन्हाळ्यात त्यांतील काहींवर मोटरहोम उघड्या मजल्यावर उभी करून प्रवाशाला आपल्याच गाडीत झोपता येते. इगुमेनित्सा बंदरात उतरून पिंदुस पर्वत ओलांडला की थेसलीच्या मैदानाच्या कडेला मेतेओराचे खडक दिसू लागतात. गोटे व वाळू एकजीव होऊन बनलेले ते प्रचंड सुळके आणि त्यांच्या माथ्यावर मठ. अनेक शतकांपासून येथे जोगी राहत आले. एके काळी मठांची संख्या चोवीस होती. आज सहा नांदते आहेत. पूर्वी माणसे व सामान जाळ्यात घालून दोरांनी वर ओढीत. विसाव्या शतकात खडकात पायऱ्या खोदल्या गेल्या. पायथ्याच्या कास्त्राकी या खेड्यात एक तळ आहे, तो या सुळक्यांच्या सावलीतच. पहाटे वरून घंटेचा नाद येतो, आणि निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे आपापल्या गाड्यांची दारे उघडून क्षणभर निमूटपणे वर पाहत राहतात.

या चारही जागांत एक गोष्ट समान आहे. पाणी, कडा, दरी यांच्या निकट नेऊन सोडणे हाच तळाचा मोठा गुण. दगडविटांचे घर जेथे बांधवणार नाही तेथे चाकांचे घर उभे राहते. परंतु जेथे कोणी घर बांधले नाही, तेथे ते का बांधले नाही, हा प्रश्न विचारावयास हवा. तो न विचारल्याची किंमत युरोपने मोजली आहे.

१४ जुलै १९८७ रोजी, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, आल्प्समधील ल ग्रां-बोर्नां या गावी बोर्न नदीला अकस्मात पूर आला आणि काठावरील तळ वाहून गेला. २३ जणांचा बळी पडला. त्यानंतर नऊ वर्षांनी, ७ ऑगस्ट १९९६ रोजी, स्पेनमध्ये त्याहून भयंकर प्रसंग घडला. पिरेनीज पर्वतातील बियेस्कास गावाजवळ ‘लास निएव्हेस’ नावाचा तळ होता. जागा रम्य, झाडी दाट, उतार सौम्य. पण तो सौम्य उतार आरास नावाच्या ओढ्यानेच घडवलेला होता. डोंगरातून उतरणारा ओढा सपाटीवर येताच आपल्याबरोबरचे गोटे व गाळ पंख्याच्या आकारात पसरतो; त्या पंख्यावरच तळ वसला होता. ओढ्याला एका बाजूच्या बांधीव पाटातून वळवले होते आणि वर डोंगरात गाळ अडवण्यासाठी लहान लहान बंधारे घातले होते. त्या संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला. बंधारे एकामागून एक फुटले, त्यांमागे वर्षानुवर्षे साठलेला गाळ सुटला, पाट तुंबला आणि ओढा आपल्या जुन्या वाटेने, म्हणजे तळाच्या मधून, धावला. ८७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुट्टीवर आलेली मुले होती.

या प्रसंगातील सर्वांत बोचणारी गोष्ट पावसाची नव्हे. ही जागा तळाला योग्य नाही, असा इशारा सरकारी सेवेतील एका अभियंत्याने परवानगी देण्यापूर्वीच दिला होता. तो इशारा कागदावर राहिला आणि परवानगी मिळाली. २००५ साली स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि अरागॉनचे प्रांतिक शासन यांना जबाबदार धरून मृतांच्या नातलगांना व जखमींना १ कोटी १२ लाख युरोंची भरपाई देण्याचा आदेश दिला. नऊ वर्षे त्या कुटुंबांना हेच सिद्ध करावे लागले की, हा केवळ दैवाचा घाला नव्हता. तेथे आता तळ नाही, स्मारक आहे.

१४ व १५ जुलै २०२१ च्या रात्री जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात जे घडले ते अजून विस्मृतीत गेलेले नाही. एका अरुंद, द्राक्षमळ्यांच्या दरीतून वाहणारी ही लहानशी नदी. तिच्या काठी कॅराव्हॅनचे अनेक तळ होते. पाणी चढले तेव्हा कॅराव्हॅन कागदी होड्यांप्रमाणे तरंगत निघाल्या, पुलांच्या कमानीत अडकल्या आणि त्यांच्यामुळे पाणी आणखी तुंबले. त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसे दगावली. याच नदीने १८०४ व १९१० साली असेच रौद्र रूप दाखवले होते. नदीची आठवण माणसाच्या आठवणीपेक्षा लांब असते.

मग अशा जागी उतरूच नये काय? तसा अर्थ नाही. या प्रश्नाचे उत्तर नॉर्वेमधील एका मुक्कामाच्या ठिकाणी मिळते. गायरांगर हा नॉर्वेचा अतिशय देखणा फ्योर्ड. दोन्ही बाजूंना उंच डोंगर आणि त्यांवरून उतरणारे ‘सात बहिणी’ नावाचे धबधबे. २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. फ्योर्डच्या टोकाशी पाण्याला लागून तळ आहे. उत्तरेकडे जाणाऱ्यांचा हा अत्यंत प्रिय मुक्काम. परंतु जवळच्याच फ्योर्डवर ओकरनेसेट नावाची डोंगराची बाजू फाटत चालली आहे. भेग दरवर्षी काही सेंटिमीटरांनी रुंदावते. कधी काळी ती बाजू ढासळली तर कोट्यवधी घनमीटर खडक पाण्यात कोसळेल आणि उसळलेली लाट गायरांगरच्या किनाऱ्यावर येईल. ही भीती कल्पनेतील नाही. ७ एप्रिल १९३४ रोजी शेजारच्या ताफ्योर्डमध्ये असाच कडा कोसळून ४० माणसे प्राणास मुकली होती.

तरीही लोक तेथे निर्धास्त झोपतात. कारण त्या भेगेवर अहोरात्र पहारा आहे. मोजमापाची यंत्रे बसवलेली आहेत, शासनाचे भूशास्त्रज्ञ त्यांच्यावर लक्ष ठेवतात, आणि कडा कोसळण्यापूर्वी त्याची हालचाल वेगाने वाढेल व पुरेशी पूर्वसूचना मिळेल, अशी ही योजना आहे. भोंगे वाजले की कोठे जावयाचे ते ठरलेले आहे. बियेस्कासला धोका ठाऊक असून दृष्टिआड करण्यात आला. गायरांगरला धोका ठाऊक असून डोळ्यांपुढे ठेवण्यात आला. दोन जागांमधील फरक निसर्गाचा नाही, यजमानाचा आहे.

ल ग्रां-बोर्नांच्या दुर्घटनेनंतर फ्रान्सनेही हा धडा घेतला. नैसर्गिक धोका असलेल्या प्रदेशातील तळाने प्रवाशांना माहिती, इशारा आणि सुटकेचा मार्ग या तिन्ही गोष्टी पुरवल्या पाहिजेत, असे बंधन तेथे १९९४ साली घालण्यात आले. कचेरीतील भिंतीवर टांगलेला नकाशा आणि त्यावरील बाण त्या बंधनाचेच दृश्य रूप आहे. पोहण्याच्या तलावाची वेळ विचारणारे पुष्कळ असतात. तो नकाशा वाचणारे थोडे.

अनुभवी प्रवासी काही साधे नियम पाळतात. अंधार पडण्यापूर्वी तळावर पोहोचावे, म्हणजे जागा नजरेखाली घालता येते. ओढा कोठून येतो आणि चढला तर कोणत्या बाजूने येईल, ते पाहून ठेवावे. नदीकाठच्या जुन्या गावांत घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा वर्षांसह कोरलेल्या असतात. त्यांची उंची आपल्या चाकांशी ताडून पाहावी. कोरडा, गोट्यांनी भरलेला प्रवाह दिसला तर त्याच्या पात्रात किंवा मुखाशी गाडी उभी करू नये. गाडीचे तोंड बाहेरच्या वाटेकडे असावे. वर डोंगरात वादळी पावसाचा अंदाज असेल तर खाली ऊन असले तरी सावध राहावे. युरोपभर संकटकाळी चालणारा दूरध्वनी क्रमांक ११२ लहान मुलांनाही पाठ असावा. आणि इशारा मिळाला की सामानाचा मोह न धरता उंच जागी जावे. पाणी दूर असतानाच इशारा मिळाला तर चाकांचे घर हलवता येते, हा त्याचा मोठा गुण. पाणी दाराशी आले म्हणजे त्या घरासारखे दुबळे घर नाही.

दोन मनुष्यांचा एक दृष्टांत शुभवर्तमानात आहे. एकाने खडकावर घर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस व पूर आल्यावर कोणाचे घर टिकले ते सर्वश्रुत आहे. त्या दोघांना निवड आयुष्यात एकदाच करावी लागली. फिरत्या घराच्या धन्याला ती प्रत्येक संध्याकाळी नव्याने करावी लागते, तीही परक्या मुलखात, दमलेल्या अंगाने, मागे मुले भुकेने कुरकुरत असताना. म्हणूनच तळाच्या दारात बसलेल्या माणसावर आणि त्याला परवाना देणाऱ्या शासनावर त्याची भिस्त असते. सांक्ट गोआरच्या त्या संताने वाटसरूला भाकरी दिली, आणि पुरात सापडलेल्याला हातही दिला. आजच्या यजमानाने वीज, पाणी व गरम स्नानगृह दिले की त्याचे काम संपत नाही.

युरोपच्या रस्त्यांवर येत्या उन्हाळ्यातही लाखो बिऱ्हाडे निघतील. राइनच्या वळणावर, श्टाउबबाखच्या तुषारांत, कावालिनोच्या पाइन वृक्षांखाली, मेतेओराच्या घंटानादात आणि गायरांगरच्या निळ्या पाण्याकाठी ती उतरतील. कोणी चुलीवर कॉफी ठेवील, कोणी कापडी छत उभारील, मुले शेजारच्या गाडीतील परभाषिक मुलांशी खेळू लागतील. त्यांच्यातील एखादा वडीलधारा मनुष्य मात्र हात पाठीमागे बांधून ओढ्याच्या कडेने थोडे वर चालत जाईल, पाणी कोठून येते ते पाहील, आणि मगच परत येऊन निश्चिंत मनाने जेवावयास बसेल.